पंप वाढवून दे ना भाऊ

टाटाच्या जुन्या ट्रकची ताकद त्याच्या नंबरातच असायची. 1210 म्हणजे बारा टनाची गाडी आणि शंभरेक एचपीचं इंजिन. पुढच्या 1612, 2515 याच हिशेबाच्या. टाटांच्या टेल्कोने 1954 साली डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात मर्सिडीजचा तारा लावलेले ट्रक बनू लागले. 1969 मध्ये करार संपला, तारा उतरला. इंजिनाचा घाट मात्र जर्मनच राहिला. त्यातलं 697, म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, यावरच माझं घर चाललं.

मी डिझेल पंपाचा मिस्त्री. नागपूरच्या हुडकेश्वरहून उमरेड रोड जवळ, त्यामुळे शेडवर येणारे बरेचसे कोळसावाले, बाकी संत्रावाले. कोळशाला घाई नसते, पण पासिंगपेक्षा किती जास्त भरतील याला धरबंध नव्हता. संत्र्याचं उलट: दिल्लीच्या मंडीत गाडी उशिरा लागली की भाव गेलाच. सिवनीच्या रस्त्यावरचा कुरई घाट तर दोघांनाही रडवायचा. म्हणून मागणी एकच, "पंप वाढवून दे ना भाऊ."

पंपाला शिशाचं सील असतं, त्यामागे एक स्क्रू. तो जरासा फिरवला की दर स्ट्रोकला डिझेल जास्त जातं, गाडी चढावर ओढते. हवा मात्र तेवढीच. मग न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन निघतं, पिस्टन तापतं आणि लायनरचं काम वर्षभर आधीच निघतं. हे मी प्रत्येकाला सांगायचो. ऐकून घ्यायचे आणि स्क्रूकडेच बोट दाखवायचे.

खरा उपाय टर्बो. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुरावर पंखा फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबतो. 1993 मध्ये टाटा-कमिन्सची जोडी जमली, मग त्यांचं 5.9 लिटरचं टर्बोवालं इंजिन आलं. 1998 मध्ये व्होल्वोचा 420 एचपीचा एफएच-12 भारतात आला. लोकांनी फिरून फिरून पाहिला. विकत घेताना मात्र आमच्याकडचा गाडीमालक एकच विचारतो, अ‍ॅव्हरेज काय देते? सपाट विदर्भात ज्यादा एचपी म्हणजे त्याच्या लेखी ज्यादा डिझेल. ताकद वाढली ती बहुतेक सरकारी कागदाने. 2018 मध्ये, आमचेच गडकरी मंत्री असताना, तीन एक्सलच्या गाडीच्या वजनाची मर्यादा 25 टनांवरून 28.5 वर गेली. 2020 मध्ये धुराचा बीएस-6 नियम आला, युरियाची टाकी लागली आणि पंपाचा हिशेब कॉम्प्युटरच्या हाती गेला. स्क्रूच उरला नाही.

त्याआधीच, 2016 मध्ये, महिंद्राने चाकणच्या ब्लेझोत टर्बो, हेवी, लाइट असं बटण दिलं होतं. भरलेल्या गाडीला पूर्ण जोर, रिकाम्याला कमी. मालक बजावून सांगतो, परतीला लाइटवरच ठेव. ड्रायव्हर मान हलवतो आणि गाडी नाक्याबाहेर पडली की टर्बो दाबतो.