मुक्तिसदन

ख्रिस्ती सेवाधर्म रोजच्या श्रमांतून आचरणारी, केडगाव (जि. पुणे) येथील निराश्रित स्त्रिया व मुलांची संस्था. संस्थापिका पंडिता रमाबाई (पहा : रमाबाई, पंडिता) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला व १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. १८९६–९७ च्या दुष्काळात आश्रय दिलेल्या मुली व विधवांमुळे केडगावचा हा आश्रम, म्हणजेच मुक्तिसदन, विस्तारला. शेती, विणकाम, छपाई ही कामे येथे उपासनेपासून वेगळी मानली गेली नाहीत. रमाबाईंचे मराठी बायबलही आश्रमाच्याच छापखान्यात छापले गेले. सेवा हे धर्मांतराचे साधन होते, हा केसरी वृत्तपत्राने घेतलेला आक्षेप शारदासदनाच्या काळापासूनचा (पहा : केसरी). अनेक आश्रमवासीयांनी बाप्तिस्मा घेतल्याने तो अगदीच अनाठायी नाही. तथापि अंध मुलींना ब्रेल शिकवणे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन चालवणे, या कष्टप्रद कामांचा उलगडा केवळ धर्मप्रसाराच्या हेतूने होत नाही.