मदरबोर्ड घेताना व्हीआरएम का बघायचा? सोप्या भाषेत समजून घ्या

नवीन पीसी जोडायचा म्हटलं की सगळा पैसा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर जातो. मदरबोर्डची वेळ आली की "सॉकेट जुळतंय ना, मग स्वस्तातला टाक" म्हणून मोकळे! आमच्या बीड जिल्ह्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांना मी नेहमी सांगतो, प्रोसेसर बोर्डवर बसला म्हणजे तो पूर्ण ताकदीने चालेलच असं नाही.

व्हीआरएम म्हणजे काय?

व्हीआरएम म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल. परळीच्या औष्णिक केंद्रातली वीज उच्च दाबाने निघते आणि गावातली डीपी तो दाब कमी करून घराघरात देते. मदरबोर्डवरची डीपी म्हणजे व्हीआरएम. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट तो साधारण १ ते १.४ व्होल्टवर आणून प्रोसेसरला देतो. डीपीवर मोटारींचा लोड वाढला की ती तापते, कधी जळतेही. व्हीआरएम जास्त तापला तर बोर्ड आधी प्रोसेसरचा वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

थोडं गणित करू

इंटेल कोअर आय९-१४९००के जोरात चालला की २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. त्याला १.२ व्होल्टने भागा. सुमारे २१० अँपिअर! बोर्डवर ६ फेज असतील तर प्रत्येकावर ३५ अँपिअर येतात, १२ असतील तर साडेसतरा. करंट दुप्पट झाला की रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता चौपट होते. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि लग्नसराईही तेव्हाच. दोन तास रेंडर चालू असताना वेग पडला तर डिलिव्हरीची तारीख हुकते.

घेण्याआधी काय तपासायचं?

१. फेज: "१२+१" असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा बहुधा प्रोसेसरच्या कोअरचा असतो. प्रत्येक फेज किती अँपिअरची आहे तेही बघा.
२. हीटसिंक: सॉकेटच्या डावीकडे आणि वर, दोन्हीकडे जाड हीटसिंक हवा. एच६१० चिपसेटच्या बऱ्याच स्वस्त बोर्डांवर तो नसतोच.
३. सपोर्ट लिस्ट: यादीत नाव आहे म्हणजे प्रोसेसर चालू होईल, एवढंच. पूर्ण वेगाची हमी नाही.
४. हवा: लिक्विड कूलर लावला तर सॉकेटभोवती वारा कमी लागतो. केसमध्ये मागे आणि वर फॅन ठेवा.

सगळ्यांना महागडा बोर्ड लागतो का?

अजिबात नाही. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ८८ वॅट आहे, त्याला साधा पण बरा बोर्ड पुरतो. रायझन ९ ७९५०एक्स मात्र २३० वॅटपर्यंत जातो, तिथे कंजुषी नको.

आधीच स्वस्त बोर्ड घेतलाय?

घाबरू नका. बहुतेक बोर्डांच्या बायोसमध्ये पॉवर लिमिट कमी करता येते. १४९००के ला १२५ वॅटवर बांधलं तर वेग थोडा घटेल, पण रेंडर मध्येच रखडणार नाही. एचडब्ल्यूइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बोर्डवर सेन्सर असेल तर व्हीआरएमचं तापमान दिसतं. अर्धा तास पूर्ण लोड देऊन ते ९० अंशांच्या आत राहिलं, तर मी तो बोर्ड पास समजतो.

बजेट ठरलेलं असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण बोर्ड त्याला पेलणारा घ्या.