महिना २५ रुपये: भंडाऱ्याच्या एका उमेदवाराची विद्यार्थिदशा

१/ साल १९५४. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि गोंदियाही त्याच जिल्ह्यात मोडत असे. धान, तलाव, कोसा आणि बिडी यांवर जगणाऱ्या या मुलखात लोकसभेची पोटनिवडणूक लागली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ते ८,००० हून अधिक मतांनी पराभूत झाले.

२/ या पराभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र, ज्यांच्यापुढे ते मत मागत होते त्यांच्या मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची तजवीज त्यांनी १० वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, हे फारसे सांगितले जात नाही. त्या तजविजीचे मूळ त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत आहे.

३/ वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. निवृत्तिवेतन महिना ५० रुपये, बिऱ्हाड परळच्या चाळीत. मुलाने पुस्तक मागितले की सुभेदार लेकींच्या सासरी जात. उसने पैसे मिळाले नाहीत, तर लेकीचा दागिना गहाण पडे आणि पुस्तक घरी येई. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते अशा घरातून.

४/ एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत मजल गेली आणि सुभेदारांची ऐपत संपली. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी पुढे झाले. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बोलून दाखवली होती. गुरुजींनी भीमरावांना महाराजांसमोर उभे केले. काही प्रश्नोत्तरे झाली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

५/ २५ रुपये म्हणजे वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम. तिच्या बळावर १९१२ साली बी. ए. ची परीक्षा पार पडली. विषय होते इंग्रजी आणि फारसी. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण शाळेतच ती वाट जातीमुळे बंद झाली होती. पैशाने फी भरता आली, संस्कृतचा वर्ग मात्र उघडला नाही.

६/ २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जूनला करारावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर १० वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशा त्यातील अटी होत्या.

७/ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम. ए. झाले. त्यानंतर १९१६ साली बाबासाहेब लंडनला पोहोचले. तेथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन अभ्यास एकदम सुरू झाले. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. प्रबंध अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. पुढे ४ वर्षांच्या आत परत येण्याची मुभा तेवढी विद्यापीठाने दिली.

८/ करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला कोणी जागा देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि सामान बाहेर काढावे लागले. ज्या संस्थानाने समुद्रापार शिकायला पाठवले, त्याच्याच राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. महाराजांची सदिच्छा खरी होती, पण तिची सत्ता शहरातल्या घरमालकांवर चालत नव्हती.

९/ उरलेले शिक्षण त्यांनी स्वतः उभे केले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून बाजूला टाकलेली शिल्लक, मित्र नवल भथेना यांचे ५,००० रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य एवढ्या पुंजीवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

१०/ या प्रवासातील एकही दुवा नियमाने मिळालेला नव्हता. केळुसकर गुरुजींची ओळख झाली नसती किंवा भथेनांनी हात आखडता घेतला असता, तर? दात्यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. परंतु दात्याची भेट घडलीच नाही अशा विद्यार्थ्यांची नावे इतिहासात सापडत नाहीत.

११/ १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणाला का नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यातून वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर तिचा लाभ अनुसूचित जमातींनाही मिळू लागला.

१२/ महाराष्ट्रातील कॉलेजांत हिलाच ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील शेतमजुरांची आणि बिडी कामगारांची मुले आज तिचा अर्ज भरतात. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते लागते. उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. कोणा महाराजांसमोर उभे राहावे लागत नाही.

१३/ हप्ता लांबला की मात्र जुनाच प्रसंग नव्याने घडतो. घरातला दागिना बाहेर निघतो, नाहीतर शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागते. २५ रुपयांच्या त्या शिष्यवृत्तीला देणाऱ्याचे मोठेपण होते. आजच्या शिष्यवृत्तीला हक्काचे बळ आहे. ती वेळेवर मागणे ही याचना नव्हे. भंडाऱ्याने १९५४ साली ज्यांना निवडून दिले नाही, त्यांनी हा हक्क भंडाऱ्याच्या मुलांच्या हाती आधीच ठेवला होता.