उपद्रव : भिंत ओलांडून धावणारा

पुण्याच्या धायरीत वर बिऱ्हाडं आणि खाली फॅब्रिकेशनचं शेड, हा शेजार नवा नाही. २०१७मध्ये महापालिकेची हद्द वाढली, वस्तीही दाटली. रात्री ग्राइंडर किंचाळला की खिडकीतून येतं, ‘काय हा उपद्रव!’

संस्कृत ‘द्रु’ म्हणजे धावणे, ‘उप’ म्हणजे जवळ. अंगावर धावून येतो तो उपद्रव. आयुर्वेदात मूळ रोगाच्या पाठोपाठ येणारा विकारही उपद्रवच. इंग्रजी ‘न्यूसन्स’चं मूळ लॅटिनमधल्या ‘इजा करणे’ या क्रियापदात आहे. तिथे जखम दिसते, आपल्याकडे धाव दिसते. आवाज, धूर, सांडपाणी शेजारची भिंत कुठे मानतात?

कायद्यातही हाच शब्द आहे. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७०मध्ये आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१नुसार, स्वतःचं खास नुकसान झालं नसलं तरी दोघे जण न्यायालयाच्या परवानगीने दावा लावू शकतात. एकट्याच्या घराला त्रास असेल, तर मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागायची. त्यासाठी तारीखवार नोंदी हव्यात.

प्रतिवादी म्हणतो, त्रास किरकोळ आहे, भागच कारखान्यांचा आहे. किंवा २० वर्षांची वहिवाट सांगतो. सार्वजनिक उपद्रवाला मात्र वहिवाटीचं कवच मिळत नाही. धावणाऱ्या शब्दासमोर ‘वाट’ असलेला शब्द उभा करायचा, एवढीच ही लढाई!