बांधकाम कामगारांचे मानसिक आरोग्य

बांधकाम कामगारांचे मानसिक आरोग्य हा व्यावसायिक आरोग्य व सामुदायिक मानसोपचार यांच्या सीमेवरील विषय आहे. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगचे कारागीर, सळई बांधणारे, रंगारी इत्यादींना काम व स्थलांतर यांमुळे येणारा ताण, नैराश्य, व्यसनाधीनता, आत्महत्येचा धोका आणि त्यांवरील साहाय्याच्या व्यवस्था यांचा त्यात विचार होतो.

आकडेवारी

इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ या काळातील मृत्यूंच्या शासकीय विश्लेषणात बांधकामावरील अकुशल पुरुष मजुरांमधील आत्महत्येचा धोका पुरुषांच्या राष्ट्रीय सरासरीच्या ३.७ पट आढळला. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात बांधकाम कामगार 'रोजंदारी कामगार' या मोठ्या वर्गात मिसळून जातात. २०२१ मध्ये देशात नोंदवल्या गेलेल्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, या वर्गातील होत्या. शेतमजुरांची गणना यात नाही.

कारणे

कामाची अनिश्चितता हे प्रमुख कारण आहे. शहरांतील मजूर नाक्यांवर सकाळी उभ्या राहणाऱ्या मजुराला त्या दिवशी काम मिळेलच असे नसते. मुकादमामार्फत आलेल्या मजुराने गावी असतानाच उचल घेतलेली असते व ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. मजुरी थकली की गावी पैसे पाठवणे थांबते, आणि कुटुंबाला त्याचे कारण सांगणे पुरुष मजुरांना विशेष जड जाते.

उंचीवरील काम व परांचीवरून पडण्याची भीती हा ताणाचा दुसरा स्रोत होय. सहकाऱ्याचा अपघात डोळ्यांदेखत पाहिलेल्या मजुरालाही बहुधा दुसऱ्या दिवशी त्याच जागी कामावर जावे लागते. स्त्रियांवर मजुरीबरोबरच स्वयंपाक, पाणी भरणे व मुलांची देखभाल यांचाही भार असतो. पत्र्याच्या वसाहतींत स्वच्छतागृहांची असुरक्षितता त्यात भर घालते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीत काम व निवारा एकदमच गेल्याने असंख्य मजूर पायी गावाकडे निघाले. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ मार्च २०२० च्या आदेशात निवारा केंद्रांमध्ये प्रशिक्षित समुपदेशक पाठवण्याची नोंद आहे. स्थलांतरित मजुरांच्या मानसिक अवस्थेची दखल इतक्या वरच्या पातळीवर क्वचितच घेतली गेली होती.

कायदेशीर तरतुदी

इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ नुसार मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. योजनांसाठीचा निधी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून उभा राहतो. पन्नासहून अधिक स्त्रिया काम करत असल्यास पाळणाघर आवश्यक ठरवले गेले. २०२० च्या कामगार संहितांमध्ये हा कायदा सामावून घेण्यात आला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने शासकीय मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे.

साहाय्याचे मार्ग

रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. तेथे जायचे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. शिवाय त्रास अनेकदा अंगदुखी किंवा झोप न लागणे या रूपाने सांगितला जातो, मनाचा म्हणून नव्हे. त्यामुळे सेवा कामाच्या जागी पोहोचवणे अधिक उपयुक्त ठरते. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली मोबाइल क्रेश ही संस्था मुलांसाठी असली, तरी मूल सुरक्षित असल्याची खात्री आईचा मोठा घोर कमी करते. वेळेवर मजुरी देणे हाही एक प्रतिबंधक उपायच आहे, मात्र आरोग्य कार्यक्रमांत त्याचा उल्लेख फारसा आढळत नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २००८ मध्ये 'मेट्स इन कन्स्ट्रक्शन' हा उपक्रम सुरू झाला. त्यात कामगारांनाच सहकाऱ्यातील बदल ओळखण्याचे व त्याला मदतीपर्यंत नेण्याचे प्रशिक्षण मिळते. भारतातील साइटवर मजूर सतत बदलत असल्याने ही पद्धत जशीच्या तशी लागू करणे अवघड आहे. एकाच गावाहून आलेल्या टोळीत मात्र परस्परांवर लक्ष ठेवण्याची सवय मुळातच असते.

केंद्र शासनाची 'टेली मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.