परागीभवन, आच्छादित कलिंगड-खरबुजाचे

आच्छादनाखाली वाढवलेल्या कलिंगड (विदर्भात टरबूज) व खरबूज या वेलींच्या फुलांत मधमाश्यांकरवी होणारे परागीभवन. लागवडीनंतर तारेच्या किंवा बांबूच्या कमानी रोवून त्यांवर पातळ पांढरे कापड ताणतात. शेतकरी त्याला ‘क्रॉप कव्हर’ म्हणतात. लाल भुंगेरे, नागअळी, विषाणूरोग पसरवणारे मावा व पांढरी माशी आणि थंडी यांपासून कोवळे वेल वाचतात. मात्र हे कापड मधमाशीलाही अडवते. म्हणून ते कधी काढायचे यावर फळधारणा अवलंबून असते.

फुलांची रचना : कलिंगडात नर व मादी फुले एकाच वेलावर वेगवेगळी येतात, खरबुजाच्या बहुतेक वाणांत नर व द्विलिंगी फुले असतात. पराग चिकट असल्याने वाऱ्याने वाहून जात नाहीत. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. कलिंगडाच्या मादी फुलातील कुक्षी तीन खंडांची असते. तिच्यावर सर्व बाजूंनी पुरेसे पराग पडले नाहीत, तर फळ वाकडे वाढते किंवा गळते. बिनबियांच्या वाणाचे पराग निकामी असल्याने शेजारी बियांचे वाण लावावेच लागते.

व्यवस्थापन : पहिली मादी फुले दिसताच आच्छादन काढतात. इवले फळ फुलाच्या बुडाशी दिसते, त्यावरून मादी फूल ओळखता येते. मधपेट्याही फुलोरा सुरू झाल्यावरच आणतात. आधी आणल्यास माश्या दुसऱ्या पिकाकडे वळतात. पेट्यांना सावली व जवळ पाणी हवे; कडक उन्हात बऱ्याच माश्या पोळे थंड ठेवण्यासाठी पाणी वाहण्यात गुंततात. या काळात फवारणी टाळतात. अटळ असल्यास फुले मिटल्यावर, संध्याकाळी करतात. कायम बंद पॉलीहाऊसमध्ये लहान वसाहत आतच ठेवतात. छताचा प्लास्टिक कागद अतिनील किरण अडवणारा असेल, तर माश्यांची दिशा चुकते.

वर्धा परिसर : वर्धा शहरातील मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मधुमक्षिकापालनाला ग्रामोद्योगांत स्थान दिले. पुढे 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पेटीत सातेरी व मेलिफेरा माश्या पाळतात. आग्या व फुलोरी माश्या पेटीत राहत नाहीत. त्यांची सेवा बांधावरची झाडे आणि त्यांवरची पोळी राखूनच मिळते.