परवानगी विचारताना विंडोजची स्क्रीन अंधुक का होते? हा नुसता दिखावा नाही!

कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की एक गोष्ट हमखास होते. सेटअपच्या फाइलवर डबल क्लिक केलं की अख्खी स्क्रीन काळवंडते, मागचं सगळं अंधुक होतं आणि एकच चौकट उजळ दिसते. या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, असा प्रश्न आणि खाली 'येस' आणि 'नो' ही दोन बटणं. बहुतेक जण न वाचताच 'येस' दाबून मोकळे होतात. काही जण तर वैतागून ही अंधुक स्क्रीन सेटिंगमध्ये जाऊन कायमची बंद करून टाकतात.

पण विंडोजमधला हा अंधार शोभेसाठी नाही. तो सुरक्षेचा भाग आहे, आणि तो बंद केला की चौकट तशीच दिसते पण तिचं संरक्षण जातं. कसं, ते समजून घेऊ.

आधी, अशा चौकटीला म्हणतात काय?

उत्तर दिल्याशिवाय मागचं काम पुढे सरकू न देणाऱ्या चौकटीला 'मोडल डायलॉग' म्हणतात. फाइल सेव्ह न करता प्रोग्रॅम बंद करायला गेलं की 'सेव्ह करायची का?' असं विचारणारी चौकट हे त्याचं रोजचं उदाहरण. ती समोर असताना मागच्या विंडोवर कितीही क्लिक केलं तरी काही होत नाही.

कॉम्प्युटरच्या जगात अशा 'मोड'ना विरोध करणारेही होते. कट, कॉपी, पेस्ट या सोयीच्या जनकांपैकी एक असलेले लॅरी टेस्लर यांनी तर आपल्या गाडीच्या नंबर प्लेटवरच 'नो मोड्स' असं लिहून घेतलं होतं. वापरणाऱ्याला अडवून ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. पण काही प्रश्न असे असतात की उत्तर मिळेपर्यंत थांबावंच लागतं. मग निदान 'काम इथे अडलंय' हे तरी स्पष्ट दिसावं, म्हणून मागची बाजू अंधुक करण्याची पद्धत आली. नाहीतर चौकट दुसऱ्या विंडोमागे दडते आणि कॉम्प्युटर हँग झाला असं वाटत राहतं.

साधा अंधार

बहुतेक ठिकाणी हा अंधार फक्त डोळ्यांसाठी असतो. वेबसाइटवर 'सबस्क्राइब करा' अशी चौकट येते तेव्हा मागच्या पानावर केवळ एक अर्धपारदर्शक काळा थर टाकलेला असतो. ॲपलच्या मॅकवर विंडोला जोडून येणाऱ्या चौकटीला 'शीट' म्हणतात. ती आली की मागची तेवढीच विंडो अंधुक होते, बाकीच्या ॲपमध्ये काम सुरू ठेवता येतं. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवरही असंच होतं. केडीईमध्ये तर मागची विंडो अंधुक करायची की नाही, हे वापरणाऱ्याला ठरवता येतं.

विंडोजचा अंधार वेगळा कसा?

2007 मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्याच्यासोबत 'यूजर अकाउंट कंट्रोल', म्हणजेच यूएसी आलं. कोणताही प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मुळाशी हात घालणार असेल तर आधी माणसाला विचारायचं, ही त्यामागची कल्पना.

हा प्रश्न येतो तेव्हा विंडोज आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपचा एक फोटो काढतं, तो अंधुक करतं आणि आपल्याला एका वेगळ्याच डेस्कटॉपवर नेतं. त्याला 'सिक्युअर डेस्कटॉप' म्हणतात. मागे दिसतं ते खरं डेस्कटॉप नसून त्याचा फोटो असतो. म्हणूनच व्हिडिओ सुरू असेल तर चित्र थिजतं, पण आवाज ऐकू येत राहतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण नेहमीच्या डेस्कटॉपवर सगळे प्रोग्रॅम एकाच खोलीत असतात. तिथे एखादा घातक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या चौकटीवर खोटं चित्र काढू शकतो. खरा माउस पॉइंटर लपवून खोटा पॉइंटर थोडा बाजूला दाखवला, तर 'नो' दाबायला गेलेल्या माणसाचा क्लिक 'येस'वर पडू शकतो. सिक्युअर डेस्कटॉपच्या खोलीत मात्र फक्त विंडोजचे स्वतःचे विश्वासू भाग जाऊ शकतात. बाकीचे दाराबाहेर उभे राहतात.

मग ते बंद करायची सोय का दिली?

व्हिस्टा हा प्रश्न इतक्या वेळा विचारायचं की लोक वैतागले. ॲपलने आपल्या जाहिरातीतून त्याची खिल्लीही उडवली. मग 2009 च्या विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टने चार पातळ्यांची एक सरकपट्टी दिली.

सर्वांत वरच्या पातळीवर विंडोज प्रत्येक वेळी विचारतं. दुसरी पातळी मुळात निवडलेलीच येते. तिच्यात ॲपने बदल करायला घेतला तरच प्रश्न येतो आणि स्क्रीन अंधुक होते. तिसऱ्या पातळीवर प्रश्न तोच, पण अंधाराविना. चौथ्या पातळीवर प्रश्नच येत नाही.

गफलत होते ती तिसऱ्या पातळीवर. दुसरीपेक्षा फक्त 'अंधार नको' एवढाच फरक दिसतो, म्हणून ती बिनधोक वाटते. प्रत्यक्षात चौकट परत सगळ्यांच्या खोलीत येते. स्क्रीन अंधुक व्हायला फार वेळ लागत असेल तरच ही पातळी निवडा, असं विंडोज त्याच ठिकाणी लिहून सांगतं.

अंधार म्हणजे शंभर टक्के खात्री?

नाही. घातक प्रोग्रॅम स्क्रीन अंधुक केल्याचं सोंग करून खोटी चौकट दाखवू शकतो. अशा खोट्या चौकटीवर 'येस' दाबल्याने त्याला जास्तीचे अधिकार मिळत नाहीत, पण तिच्यात पासवर्ड टाकला तर तो मात्र चोरीला जाऊ शकतो. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं फुल स्क्रीनवर ओरडणारी वेबसाइटही त्याच जातीची. ते ब्राउझरमधलं साधं पान असतं. एस्केप बटण दाबून धरलं की फुल स्क्रीन सहसा सुटते. खरी यूएसी चौकट कुणाचा फोन नंबर देत नाही.

फोनवरून 'मदत' करणाऱ्या अनोळखी माणसाबाबतही सावध राहावं. दुरून कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर साध्या परवानगीवर सुरू असेल तर त्याला सिक्युअर डेस्कटॉप दिसत नाही आणि तिथलं बटणही दाबता येत नाही. अशा वेळी पलीकडचा माणूस 'येस दाबा' किंवा 'ती सरकपट्टी खाली ओढा' असा आग्रह धरू लागला, तर तिथेच थांबून फोन ठेवलेला बरा.

'येस' दाबण्याआधी काय बघावं?

- आत्ता आपण स्वतः काही इन्स्टॉल करायला घेतलं होतं का? नसेल तर 'नो'.
- प्रोग्रॅमचं नाव ओळखीचं आहे का?
- 'पब्लिशर'समोर कंपनीचं नाव आहे की 'अननोन'? विंडोज 10 मध्ये ओळख पटलेल्या कंपनीची चौकट निळी, तर अनोळखीची पिवळी असते.

घरातला कॉम्प्युटर मुलं किंवा वडीलधारी माणसं वापरत असतील तर त्यांना 'स्टँडर्ड' खातं द्यावं. मग नुसत्या 'येस'वर भागत नाही, ॲडमिन खात्याचा पासवर्ड किंवा पिन लागतो.

आपल्या कॉम्प्युटरवर कोणती पातळी आहे हे बघायचं असेल तर स्टार्टमध्ये 'यूएसी' हे शब्द इंग्रजीत टाइप करून 'चेंज यूजर अकाउंट कंट्रोल सेटिंग्ज' उघडावं. सरकपट्टी वरून दुसऱ्या खुणेवर किंवा त्याच्या वर असेल तर काही करायची गरज नाही. खाली असेल तर वर सरकवून 'ओके' दाबावं. त्या बदलासाठी विंडोजने परवानगी विचारली, तर मात्र खुशाल 'येस' म्हणावं.